अस्थिसंहार अर्थात कांडवेल : औषधालयातील लागवड, निगा व ओळख

भग्नचिकित्सेचा विषय निघाला की अस्थिसंहाराचे नाव ओघानेच येते. लाक्षागुग्गुळ आपणांपैकी बहुतेकांच्या नित्य वापरात आहे व त्यातील हे एक प्रमुख द्रव्य. असे असूनही ही वेल प्रत्यक्ष वाढताना पाहिलेले, तिचे कांड स्वतःच्या हाताने खुडलेले वैद्य फारच थोडे आढळतात. बाजारातून तपकिरी, सुरकुतलेल्या तुकड्यांचे पोते येते, त्यावरील चिठ्ठी वाचून ते कोठीत जाते आणि पुढे त्याचे चूर्ण होते. चिठ्ठी खरी की खोटी हे ठरविण्याचे साधन आपल्या हाती क्वचितच असते. प्रस्तुत लेखात या वेलीच्या लागवडीविषयी आमचा अनुभव मांडावयाचा आहे. लागवडीचा हेतू केवळ द्रव्यप्राप्ती हा नसून द्रव्यपरीक्षा हाही आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

आम्हांस ही बुद्धी एका चुकीतून सुचली. घोटा मुरगळलेल्या एका गृहस्थांना आम्ही दूरध्वनीवरून सहज सांगितले की, जवळपास हाडजोडी मिळाली तर ती ठेचून, कापडात घेऊन बांधा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले ते घोट्यावर टरारून आलेले फोड दाखवीत. घरच्या मंडळींनी शेजारच्या कुंपणावरून ‘धारा असलेली, कांड्याकांड्यांची’ वनस्पती आणून थेट त्वचेवर लेप केला होता. उरलेला तुकडा त्यांनी कागदात गुंडाळून आणला होता. तो तिधारी निवडुंग होता. कडेवर बारीक काट्यांच्या जोड्या आणि मोडताच पांढराशुभ्र चीक. हा चीक डोळ्यांत गेला असता तर काय झाले असते, या विचाराने आजही अस्वस्थ व्हायला होते. दोष त्या मंडळींचा नव्हता. वर्णन न सांगता नुसते नाव सांगण्याचा दोष आमचा होता. त्याच आठवड्यात आम्ही दवाखान्याच्या सज्जात कांडवेलीची पहिली कुंडी लावली व तेव्हापासून ताजे द्रव्य सुचविताना रुग्णाच्या हातात खरे कांड देऊनच पाठवितो.

नामे व स्वरूप

अस्थिसंहार, अस्थिशृंखला, वज्रवल्ली ही संस्कृत नामे; मराठीत कांडवेल, हाडसांधी, चौधारी; हिंदीत हडजोड, गुजरातीत हाडसांकळ, तमिळमध्ये पिरंडै, तेलुगूत नल्लेरु. शास्त्रीय नाव सिस्सस क्वाड्रँग्युलॅरिस. हिचे कुल द्राक्षाकुल आहे, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. कारण दिसायला ही निवडुंगासारखी. परंतु पेरापाशी पानाच्या समोर निघणारा तणावा पाहिला की द्राक्षवेलीशी असलेले नाते ध्यानात येते. भारत, श्रीलंका, अरबस्तान व आफ्रिका येथील उष्ण, कोरड्या प्रदेशांत ती आपोआप वाढते. आपल्याकडे दख्खनच्या माळावरील कुंपणांवर, थोर-बाभळींवर चढलेली ती सहज दृष्टीस पडते.

कांड हिरवे, मांसल, चार धारांचे असते व धारांना पातळ पंखासारख्या कडा असतात. दर पेरापाशी कांड एकदम आवळलेले असते. म्हणूनच अस्थिशृंखला, हाडांची साखळी, हे नाव चपखल बसते. पाने लहान, एकाआड एक, कधी अखंड तर कधी तीन खंडांची. ती उन्हाळ्यात गळून जातात आणि मग नुसती साखळी उरते. फुले अगदी लहान, चार पाकळ्यांची. फळ वाटाण्याएवढे, पिकल्यावर लाल, आत एकच बी. काटे हिला कोठेही, कधीही नसतात आणि पांढरा चीक नसतो. या दोन ‘नाहीं’वर ताज्या वनस्पतीची निम्मी ओळख उभी आहे.

उरलेल्या निम्म्या ओळखीत एक अडचण आहे. जमिनीलगतचे जुने कांड दोन-तीन वर्षांत गोलसर, तपकिरी व बुचासारख्या सालीचे होते. त्याच्या धारा जवळजवळ नाहीशा होतात. ज्याने केवळ कोवळे कांड पाहिले आहे त्यास हे जुने खोड परके वाटते आणि ज्याच्या पोत्यात जुनीच खोडे आली आहेत त्याला चार धारांचा पत्ता लागत नाही. एकाच वेलीवर दोन्ही अवस्था एकामागोमाग पाहिल्या, की ही शंका कायमची मिटते. पुस्तकातील चित्राने ती मिटत नाही.

शास्त्रातील स्थान

भावप्रकाशात गुडूच्यादिवर्गात हिचे वर्णन येते. वातकफहर, उष्ण, सर, लघु, रूक्ष, मधुर, पाचक, वृष्य, कृमिघ्न, अर्शोघ्न आणि पित्तकर असे गुण तेथे सांगितले आहेत. पित्तकर हा शब्द चिकित्सकाने विसरू नये. भग्नाच्या प्रत्येक रुग्णास सरसकट हे द्रव्य देण्याची प्रथा आम्हांस पटत नाही. तेथेच एक वटकही सांगितला आहे. साल काढलेले कांड आणि त्याच्या निम्म्या प्रमाणात सोललेली डाळ एकत्र वाटून, तिळाच्या तेलात तळून तो करावयाचा असून तो अत्यंत वातहर म्हटला आहे. ‘साल काढलेले’ या विशेषणाकडे पुन्हा यावयाचे आहे. चक्रदत्ताने भग्नाधिकारात अस्थिसंहार, लाक्षा, गहू व अर्जुन यांचा घृत व दुधासह योग दिला आहे.

आधुनिक काळात बनारस हिंदू विश्वविद्यालयात डॉ. के. एन. उडुपा व डॉ. जी. सी. प्रसाद यांनी १९६३-६४ च्या सुमारास प्राण्यांवर प्रयोग करून अस्थिसंधानावरील हिचा परिणाम अभ्यासला. किरणोत्सारी कॅल्शिअमचा उपयोग करून केलेले त्यांचे काम आजही उद्धृत केले जाते. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियातही अस्थिसंहृत या नावाने हिच्या कांडाचा समावेश आहे. अर्थात हाड जागेवर बसविणे व स्थिर ठेवणे हे कर्म प्रथम, औषध नंतर, हा क्रम कोणत्याही द्रव्याच्या गुणांनी बदलत नाही.

लागवड

लागवड छाटापासून करावी. बियांच्या मागे लागण्याचे कारण नाही. छाट घेताना वेल कोणाच्या तरी खात्रीच्या बागेतील असावी आणि तिला एकदा तरी तणावे व पाने आलेली पाहिलेली असावीत. मधल्या वयाचे, ठसठशीत चार धारांचे, दोन ते तीन पेरांचे तुकडे धारदार सुरीने कापावेत. टोकाकडचे अगदी कोवळे तुकडे कुजतात, बुडखा सावकाश फुटतो. कापलेले तुकडे लगेच मातीत खोवण्याचा मोह होतो, तो आवरावा. सावलीत चार-पाच दिवस ठेवले म्हणजे जखमेवर कोरडी खपली धरते. पहिल्या वर्षी आम्ही ही खपली धरू न देता वीस तुकडे लावले आणि त्यांतील चौदा कुजून गेले. त्यानंतर ती घाई केली नाही.

मातीविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण या वेलीचे मरण बहुधा मातीतूनच येते. काळी, पाणी धरून ठेवणारी माती कुंडीत कदापि वापरू नये. मुरूम मिसळलेली तांबडी माती दोन भाग, जाडी वाळू एक भाग व पूर्ण कुजलेले शेणखत एक भाग हे मिश्रण आम्हांस मानवले. खत याहून वाढविले तर कांड जाड पण पिचपिचीत होते, धारांच्या कडा मऊ पडतात व पिठ्या ढेकूण लवकर लागतो. कुंडी मातीची, सुमारे तीस सेंटिमीटर तोंडाची, तळाला मोठे भोक असलेली घ्यावी. भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवावा. छाटाचे एक पेर मातीत व बाकीचे वर असे रोवून पहिला आठवडा पाणी देऊ नये. नंतर बेताने द्यावे. मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्यानंतरचा काळ लागवडीस उत्तम. फाल्गुनातही छाट लागतात, मात्र फुटायला वेळ घेतात.

वेलीला तारेचा किंवा काठीचा आधार दिला तर तणावे तो पकडतात व ती वर चढते. आधार नसला तर सज्जाच्या कठड्यावरून खाली लोंबते. लोंबती साखळी दिसायला सुरेख असते, त्यामुळे शोभेसाठी रोपवाटिकेतून टांगत्या कुंडीत ही वेल आणणारे पुष्कळ आहेत. औषधासाठी दोन्ही प्रकार चालतात. फरक इतकाच की, लोंबत्या वेलीची कांडे जमिनीला टेकली तर पेरांतून मुळे फुटतात आणि अशा कांडांना माती चिकटून राहते.

शोभेच्या कुंड्यांसंबंधी एक सूचना करतो. टांगत्या कुंडीतील मांसल वनस्पतींची हौस आता सर्वत्र आहे व रुग्ण त्यांतील काहीही घेऊन ‘हे औषधी आहे ना?’ असे विचारतात. हिरव्या मण्यांची माळ लोंबावी तशी दिसणारी दक्षिण आफ्रिकेतील सेनेसिओ जातीची वेल अनेक घरांत आहे. ती पोटात जाणे अपायकारक आहे. दवाखान्याच्या ज्या कठड्यावर औषधी कुंड्या असतील तेथे अशी केवळ शोभेची झाडे ठेवूच नयेत. लहान मुले व वृद्ध रुग्ण दोघेही कठड्यावरील पाने तोडतात.

ऊन, पाणी व वेलीची दिनचर्या

या वेलीची निगा समजण्यासाठी तिची दिनचर्या समजून घेतली पाहिजे. बहुतेक वनस्पती दिवसा रंध्रे उघडून हवेतील कर्बवायू घेतात. कांडवेलीचे कांड उलट वागते. कडक उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून ते दिवसा रंध्रे मिटून घेते, रात्री उघडते आणि रात्रभर घेतलेला कर्बवायू मॅलिक आम्लाच्या रूपाने पेशींत साठवून ठेवते. दिवसा उजेडात तेच आम्ल वापरून अन्न तयार होते. परिणामी पहाटे कांड अधिक आंबट, तर सायंकाळी कमी. हिची पातळ पाने मात्र इतर झाडांच्या पानांप्रमाणेच वागतात व पाणी कमी पडू लागले की वेल त्यांना सोडून देते.

वनस्पतींच्या या वर्तनाची एक जुनी नोंद भारतातलीच आहे. बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने येथे असताना पानफुटीचे पान दिवसाच्या निरनिराळ्या वेळी चाखून पाहिले. ते सकाळी आंबट, दुपारी बेचव व संध्याकाळी किंचित कडवट लागते, असे त्याने कळविले व ते १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या अंकात छापून आले. जिभेने केलेली ही रसपरीक्षा आपल्या परंपरेला परकी नाही.

यावरून निगेचे नियम आपोआप निघतात. ऊन भरपूर हवे. दिवसाचे किमान चार-पाच तास थेट ऊन मिळाले नाही तर पेरे लांब, बारीक होतात व धारा बोथट पडतात. वऱ्हाडाच्या वैशाखात कांड पिवळसर-तांबूस होते, त्याने घाबरू नये. पाणी उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा, तेही सायंकाळी. हिवाळ्यात त्याहून कमी. पावसाळ्यात देशावर उघड्यावर ठेवली तरी चालते, कोकणात मात्र कुंड्या पागोळ्यांच्या आत सरकवाव्यात. उन्हाळ्यात पाने गळाली म्हणून पाणी वाढविणारेच ही वेल मारतात. बुडाचे पेर काळे व मऊ पडले तर कूज लागली असे समजावे. तेव्हा खालच्या भागाचा मोह सोडून, निरोगी पेराच्या वर कापून, तुकडे सुकवून पुन्हा नव्या मातीत लावावेत. वेल अशा रीतीने कितीही वेळा नवी करता येते.

पिठ्या ढेकूण पेरांच्या बेचक्यात पांढऱ्या कापसासारखा दिसतो. थोडा असेल तर ओल्या फडक्याने पुसावा. अधिक असेल तर कडुलिंबाचे तेल व साबणाचे पाणी. रासायनिक कीटकनाशक ज्या वेलीवर एकदा मारले तिचे कांड औषधात घेऊ नये, असा आमचा दंडक आहे.

काढणी व वाळवण

दुसऱ्या वर्षापासून काढणी करावी. जमिनीवर दोन-तीन पेरे राखून वरचा भाग कापावा. आहारासाठी टोकाकडची कोवळी पेरे, चूर्णासाठी मधली पक्व पेरे आणि बुचासारखे जुने खोड कशातच नाही. काढणीची वेळ रोज तीच ठेवावी. कांडाची आंबटता वेळेनुसार बदलते हे वर आलेच आहे. एक घाण सकाळच्या कांडांची व दुसरी सायंकाळच्या कांडांची झाली तर त्यांच्यात सारखेपणा राहणार नाही. आम्ही सकाळी नऊची वेळ ठरविली आहे, दव सुकलेले असते एवढ्याच सोयीने.

हाताळताना खाज सुटते. कांडाच्या पेशींत कॅल्शिअम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जुडग्यांनी असतात व ते त्वचेला, विशेषतः तोंडाच्या आतील त्वचेला टोचतात. हातांना खोबरेल तेल लावावे किंवा रबरी मोजे घालावेत. तामिळनाडूत पिरंडैची चटणी करताना कांड तेलात नीट परतून त्यात चिंच घालतात, ती या खाजेसाठीच. भावप्रकाशातील वटकात साल काढण्यास व तेलात तळण्यास सांगितले आहे, त्यामागेही हाच अनुभव असावा असे आम्हांस वाटते. ताजे कांड कच्चे चावून खाण्याचा सल्ला कोणीही देऊ नये. बाहेरून बांधावयाचे असले तरी त्वचेवर पातळ कापड घालून वर लेप करावा.

वाळवण हा सर्वांत कष्टाचा भाग. अख्खे कांड वाळत नाही, ते जगते! मेणचट सालीमुळे आतले पाणी सुटत नाही आणि रात्रीचा व्यवहार पोत्यातही चालूच राहतो. एकदा आम्ही अख्ख्या कांडांची जुडी कोठीत बांधून ठेवली. महिन्याभराने सोडली तर मधल्या पेरांना कोवळी पाने फुटली होती व कडेच्या कांडांवर बुरशी होती. म्हणून स्वच्छ धुऊन, पाणी निथळून, बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत, प्रत्येक तुकडा उभा चिरावा आणि वारा खेळत्या सावलीत जाळीवर पसरावा. पावसाळी हवेत सौरशुष्कक किंवा मंद आचेची वाळवणयंत्रणा वापरावी. तुकडा कटकन मोडला पाहिजे. वाकला तर अजून ओल आहे. आमच्या मोजणीत दहा किलो ओल्या कांडांपासून वाळलेले द्रव्य एक किलोच्या आसपास उरते. औषधालयचालकांनी हा आकडा ध्यानात घेऊन हिशेब करावा. सज्जातील दहा कुंड्यांवर दवाखान्याची ताज्या कांडांची गरज भागते, कारखान्याची भागत नाही. ज्यांना लाक्षागुग्गुळाच्या मोठ्या घाणी काढावयाच्या आहेत त्यांनी आवाराच्या कुंपणालगत दोन-दोन फुटांवर छाट लावावेत व बाकीचे द्रव्य खात्रीच्या शेतकऱ्याकडून घ्यावे.

विकत घेतलेल्या द्रव्याची परीक्षा

ताज्या तिधारी निवडुंगाला काटे व चीक असतात, त्यामुळे ते ओळखणे सोपे. वाळल्यावर चीक दिसत नाही आणि काटे झडून जातात; खरी फसगत तेथे होते. अशा वेळी धारेवर बोट फिरवावे. निवडुंगाच्या धारेवर काट्यांच्या जोड्यांचे खडबडीत वण ठरावीक अंतराने लागतात. कांडवेलीची धार सुरकुतलेली असली तरी अशा वणांवाचून असते. तिचे वण फक्त पेरापाशी, पान व तणावा गळून पडल्याचे, समोरासमोर असतात. माकडशिंगीचेही कांड चार धारांचे असते, पण ते आखूड असते, त्यावर तणाव्याचा वण नसतो व कांडवेलीसारखी आवळलेली पेरे नसतात.

चूर्ण झाल्यावर ही परीक्षा संपते व सूक्ष्मदर्शकाचा आश्रय घ्यावा लागतो. कांडवेलीच्या चूर्णात वर सांगितलेल्या सुईसारख्या स्फटिकांची जुडगी दिसतात. निवडुंगाच्या चिकात पिष्टकण असतात व गंमत अशी की, त्यांचा आकार दोन्ही टोकांना फुगलेल्या हाडासारखा असतो. हाडाचा आकार दिसला की ते अस्थिसंहार नव्हे, ही खूण आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना सांगतो आणि ती त्यांच्या लक्षात राहते. साधा सूक्ष्मदर्शक व आयोडीनचा थेंब एवढ्यावर हे काम होते. आयोडीनने पिष्टकण निळे पडतात.

तुलनेसाठी खात्रीचा नमुना हाताशी हवा आणि तो स्वतःच्या वेलीवरूनच मिळतो. आम्ही दरवर्षी कार्तिकात एका कुंडीतील कोवळे, मध्यम व जुने असे तिन्ही प्रकारचे कांड वाळवून तीन बाटल्यांत भरतो, बाटलीवर कुंडीचा क्रमांक, काढणीची तारीख व वेळ लिहितो. नवे पोते आले की त्यातील मूठभर तुकडे पांढऱ्या कागदावर पसरून या तीन बाटल्यांशेजारी ठेवून पाहतो. गेल्या खेपेस पोत्यातील बराच माल तिसऱ्या बाटलीशी, म्हणजे जुन्या खोडाशी जुळला. द्रव्य खरे होते, तरी ते परत पाठविले.